दोन बाटल्या पाणी

नऊ महिन्यांनी ताईनं प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि आत पाऊल टाकते न टाकते तोच एक गोडसर, झोंबरा वास तिच्या नाकात शिरला. नखांचा रंग पुसायच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं की येतो तसा. सकाळचा चहा घशापर्यंत येऊन परत गेला.

"हा वास कसला गं?"

पंपाशी ओणवी झालेली धाकटी मागे वळली. तिनं नाक वर करून दोनदा हुंगलं. "वास? मला तर काही येत नाही."

"ॲसिटोन सांडलंय कुठेतरी."

"अगं ताई, लॅब आहे ही. इथे ॲसिटोनचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?" धाकटी हसत उठली आणि तिनं ताईला मिठी मारली. "किती वाळलीस! बरं झालं आलीस. शुक्रवारी माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. जीव नुसता टांगणीला लागलाय."

या दोघी काही सख्ख्या बहिणी नव्हेत. ताईला तिथे सगळेच ताई म्हणत, अगदी तिच्याहून सतरा वर्षांनी मोठे असलेले लॅबप्रमुख सरसुद्धा. आणि धाकटी म्हणजे सरांची सगळ्यात शेवटी आलेली विद्यार्थिनी. पंप कसा लावायचा, आरसा कसा फिरवायचा, लेझर रुसला की त्याची मनधरणी कशी करायची, हे सगळं तिला ताईनं शिकवलेलं. मग ताईच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ताईची नोकरी करारावरची, कराराला अशी कारणं कळत नाहीत. ती गेली. सासूबाई मागच्या महिन्यात गेल्या, आणि आठवड्यापूर्वी सरांचा फोन आला: "ये गं. शुक्रवारपर्यंत धाकटीच्या मदतीला राहा. पुढचं मग बघू."

या "मग बघू"वर ताई आठ दिवस तरंगत होती. घरी कुणाला बोलली नव्हती, पण तिला ती लॅब परत हवी होती. त्या अंधाऱ्या खोलीतलं ते लोखंडी टेबल हवं होतं, तो पंपाचा ठोका हवा होता. एकेचाळिसाव्या वर्षी माणसाला दुसरं काही येत नसलं म्हणजे जे येतं ते हवं असतं.

जिन्यातच तिला चौकट दिसली होती. काचेमागे एक आलेख: वर चढणारी आणि मग धाडकन खाली कोसळणारी लाल रेघ. तीच रेघ आता कपांवर छापलेली होती. कपाटात रांगेनं बारा कप, बारांवर ती रेघ आणि खाली सरांनी ठेवलेलं नाव, 'निसटवाट'. ताई नसताना झालेला हा शोध. त्यावरचा लेख छापून आला, देशोदेशीची पत्रं आली होती म्हणे.

शोध समजायला फार शिकावं लागत नाही. दोन बारीक धारा एकमेकींवर आपटल्या की पाण्याचं नखाएवढं, अगदी पातळ पान तयार होतं. त्यावर लेझरचा एक ठोका मारायचा. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडतो, थोडा भटकतो, मग आजूबाजूचे रेणू त्याच्याकडे वळतात, त्याला कोंडाळं करतात आणि तो पाण्यात विरघळून बसतो. असा बसलेला इलेक्ट्रॉन लाल उजेड गिळतो. म्हणून थोड्या वेळानं लाल उजेडाचा दुसरा ठोका पाठवायचा आणि किती गिळला गेला ते मोजायचं, म्हणजे किती इलेक्ट्रॉन अजून जिवंत आहेत ते कळतं. यातलं 'थोड्या वेळानं' मात्र भलतंच थोडं. एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात, उजेड जेमतेम तीन दशांश मिलिमीटर जातो. दुसऱ्या ठोक्याला उशीर करायचा तर त्याच्या वाटेतला आरसा रुळावरून किंचित मागे सरकवायचा, की झाला उशीर.

शुद्ध पाण्यात पाचशे पिकोसेकंदांनंतरही निम्म्याहून जास्त इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. हे जगाला ठाऊक. सरांच्या पाण्यात मात्र ते दीडशे पिकोसेकंदांतच मरू लागले. का? तर पान इतकं पातळ की इलेक्ट्रॉन पृष्ठभागाकडे धावतात आणि तिथून निसटतात. म्हणून निसटवाट. म्हणून कप.

ताईनं कप हातात घेतला, रेघेकडे बघितलं आणि परत ठेवला. कपाच्या तळाशी कुणाच्या तरी कॉफीची साय वाळून चिकटलेली होती.

"सकाळी पंप सुरू करताना काय काय करतेस?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"तू लिहून ठेवलंयस तेच की." धाकटीनं भिंतीकडे बोट दाखवलं. पंपाच्या वर प्लॅस्टिकमध्ये घातलेला, वहीतून काढलेला एक कागद होता. अक्षर ताईचं. "रोज काम संपल्यावर नळ्यांमध्ये ॲसिटोन भरून ठेवणे. सकाळी नळ्या रिकाम्या करून बाटलीत ताजं पाणी भरणे व पंप सुरू करणे."

"बस? एवढंच?"

"एवढंच लिहिलंय ना."

ताईनं तो कागद पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचला.

ॲसिटोनची ही रीत तिनंच घातली होती, सहा वर्षांपूर्वी. तेव्हा नळ्यांमध्ये रात्रभर पाणीच राहायचं. एक दिवस धार अडली म्हणून तिनं गाळणी उघडली आणि आत बोट घातलं, तर पांढरट, बुळबुळीत, शेंबडासारखं काहीतरी बोटाला लागलं. ओढलं तर लांबच लांब यायला लागलं. ओढतेय, ओढतेय, संपेचना. तिनं तिथेच बेसिनमध्ये ओकारी काढली आणि पुढे दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून रात्री नळ्यांत ॲसिटोन. त्यात काही वाढत नाही.

पण सकाळी ती आणखी एक गोष्ट करायची. पंपाच्या पुढे एक मुठीएवढा गोल डबा असतो. पंप ठोके देत पाणी ढकलतो आणि हा डबा ते ठोके पोटात घेतो, म्हणजे पाण्याचं पान थरथरत नाही. लॅबमध्ये त्याचं नाव धक्काडबा. नळ्या कितीही झटकून रिकाम्या करा, धक्काडब्याच्या तळाशी सात-आठ मिलिलिटर ॲसिटोन राहतंच. म्हणून ताई रोज सकाळी, धाकटी यायच्या आधीच, दोन बाटल्या पाणी पंपातून सोडायची आणि सरळ बेसिनमध्ये ओतून द्यायची. मोजमाप तिसऱ्या बाटलीवर. हे तिनं कधी लिहिलं नाही. भांडं साबणानं घासल्यावर विसळायचं, हे कुणी लिहून ठेवतं का?

आणि बाटली शंभर मिलिलिटरची. तेच तेच पाणी दिवसभर फिरणार. शंभरात सात-आठ मिलिलिटर ॲसिटोन! इलेक्ट्रॉन दिसला की तो गट्टम करण्यात ॲसिटोनचा हात धरणारं फार कुणी नाही.

"काय झालं?" धाकटी म्हणाली. "चेहरा का असा?"

"काही नाही. रिकाम्या पोटी आलेय."

मंगळवारी दुपारी धाकटी प्रबंधाच्या बांधीव प्रती आणायला छापखान्यात गेली. ताईनं दार लावून घेतलं. दोन बाटल्या पाणी पंपातून सोडलं आणि ओतून दिलं. ओतताना बेसिनमधून तोच गोडसर भपकारा आला आणि तिनं तोंडावर हात दाबला. मग तिसरी बाटली लावली. लेझरचे ठोके सुरू केले, आरसा मागे सरकू लागला, पडद्यावर ठिपके उमटू लागले. शंभर पिकोसेकंद, दोनशे, तीनशे. रेघ हळूहळू उतरत होती, कोसळत नव्हती. पाचशेला निम्म्याहून जास्त इलेक्ट्रॉन ठणठणीत. निसटवाट बिसटवाट काही नाही.

तिनं पिचकारीनं सात मिलिलिटर ॲसिटोन बाटलीत सोडलं आणि पुन्हा मोजलं. पाचशेला शंभरातले चार-पाच उरले. पडद्यावर हुबेहूब कपावरची रेघ उमटली.

तिला आनंद झाला नाही. चूक सापडली की इतर वेळी तिला कसं छान वाटायचं, दातात अडकलेलं निघाल्यासारखं. आज मात्र अंगभर शिसारी दाटून आली. जिन्यातली चौकट, बारा कप, देशोदेशीची पत्रं आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक न विसळलेला डबा.

दोन्ही आलेख छापून घेऊन ती सरांच्या खोलीत गेली.

सर पेनानं कॉफी ढवळत होते. ढवळून झाल्यावर ते पेन तोंडात घालून चोखायचे आणि मग त्याच पेनानं सह्या करायचे. वीस वर्षं ताई हे बघत आली होती आणि वीस वर्षं तिकडे दुर्लक्ष करत आली होती. आज तिला ते पेन जिभेवरून फिरताना स्पष्ट दिसलं.

तिनं सगळं सांगितलं. धक्काडबा, दोन बाटल्या, सात मिलिलिटर. सरांनी आलेख शेजारी शेजारी ठेवून बघितले. वाटलं होतं, ते उडतील. निदान चिडतील, नाही नाही म्हणतील, खुर्ची मागे सारून उठतील. ते नुसतं "हं" म्हणाले. पाऊस पडणार आहे म्हटल्यावर म्हणतो तसं.

"सर, हा लेख मागे घ्यावा लागेल. आणि धाकटीच्या प्रबंधाचा तिसरा अख्खा भाग..."

"ताई, तू दमलीयस. नऊ महिने काही सोपे गेले नाहीत तुला."

"मी दमलेली असले तरी ॲसिटोन ॲसिटोनच आहे, सर."

सर हसले. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी तिच्यापुढे ठेवली. आत तिच्याच वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स होती. 'बाटलीत ताजं पाणी भरणे' या शब्दांखाली लाल शाईची रेघ. कोपऱ्यात सरांच्या हातची तारीख: अकरा फेब्रुवारी.

"अक्षर तुझंच ना?" सर मऊ आवाजात म्हणाले.

ताईला आधी कळेचना. मग तिनं मनात महिने मोजले. लेख मासिकाकडे गेला तो मार्चच्या शेवटी. पत्रं आली जूनमध्ये. कप त्याच्यानंतर.

"तुम्हाला फेब्रुवारीत माहीत होतं?"

"पंपवाल्यानं डबा उघडला होता, तेव्हा म्हणाला होता काहीतरी. पंपवाल्याचं काय एवढं! पण म्हटलं, कागद हाताशी असलेला बरा. उद्या कुणी विचारलं तर रीत कुणी घालून दिली, हे दाखवता यायला हवं. व्यवस्था म्हणून. तुझ्यावर राग म्हणून नाही हं."

किती नीट केलं होतं सगळं! झेरॉक्स काढली, रेघ मारली, तारीख घातली, पिशवीत ठेवली आणि मगच लेख पाठवला. खापर आधी भाजून तयार ठेवलं, फोडायला डोकंही ठरवून ठेवलं. आणि ते डोकं तेव्हा घरी सासूचं अंथरूण बदलत होतं.

ताईनं झेरॉक्स पिशवीत परत सरकवली.

"शुक्रवार होऊ दे," सर म्हणाले. "पोरीचं आयुष्य आहे. मग पुढे सावकाश, 'नव्या मोजमापांत थोडा फरक आढळला' वगैरे लिहू. हळूच. आणि हो, तुझं पत्र तयार आहे. एक तारखेपासून ये. आता करारबिरार नाही, कायमची जागा."

ते उठून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी तिची पाठ थोपटली. त्यांचा तळवा कायम ओला असायचा. पातळ सुती कुडत्यातून तो ओलावा तिच्या पाठीला लागला.

इथे तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. शंभर वाक्यं होती. ती म्हणाली, "येते मी, सर."

घरी जाऊन तिनं आधी अंघोळ केली. पाठ घासून घासून लाल केली. जेवणाच्या ताटावर बसली आणि ताट सरकवून दिलं.

"काय गं, काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. "लॅबचं अन्न खाऊन आलीस की काय?"

"किळस येतेय."

"कशाची?"

ती सांगू लागली. नवरा शांत, थोडा बावळट वाटावा असा, पण ऐकून घेणारा माणूस. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "गंमत आहे तुझी. आईचं आठ महिने तू सगळं केलंस. काय काय उपसलंस या हातांनी ते मला माहीत आहे. मी पोटचा मुलगा, पण मला खोलीबाहेर जावं लागायचं. तुला एकदाही तोंड वाकडं करताना बघितलं नाही."

"तेव्हा नाहीच आली रे किळस. म्हातारीचं शरीर होतं ते. ते बिचारं काय ठरवून करत होतं का?"

"मग नको जाऊस एक तारखेला."

ताटाची कड बोटानं घासत ताई म्हणाली, "जायचंय मला."

हे बोलताना तिला स्वतःच्याच आवाजाची किळस आली. आता ही किळस नावाची बया कुठे कुठे शिरणार आहे कोण जाणे, असं वाटून ती उठली आणि भांडी घासायला लागली. घासून झालेलं पातेलं पुन्हा घासलं.

बुधवारी ती लॅबला गेलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. गुरुवारी गेली तर धाकटी पडद्यापुढे उभी राहून भाषणाची तालीम करत होती. गुलाबी कागदावर मुद्दे, केस नीट बांधलेले, पायात नवे बूट चावत होते म्हणून अनवाणी.

"ताई, हे एकदा ऐक हं. इथून निसटवाट सुरू होते. हा आलेख मी आधी दाखवू की नंतर? आणि कुणी विचारलं, हे दुसऱ्या कुणाला का नाही सापडलं, तर काय सांगू?"

ताई ठरवून आली होती, मूग गिळून बसायचं. शुक्रवार होऊ द्यायचा. पण धाकटी तिच्याकडे असं बघत होती, जणू उत्तर ताईच्या खिशातच आहे आणि ती आता काढून देणार. त्या नजरेपुढे तिचं ठरवणं एक मिनिटही टिकलं नाही.

"सांग, की दुसरं कुणी सकाळी दोन बाटल्या पाणी ओतून द्यायला विसरलं नाही."

"म्हणजे?"

ताईनं दोन्ही आलेख काढून तिच्यापुढे ठेवले. धाकटीनं ते बघितले. मग पंपाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे. हुशार पोर होती. समजावून सांगायला तीन वाक्यंसुद्धा लागली नाहीत. ती खाली फरशीवर बसली.

"तुला कधी कळलं?"

"परवा."

"मग परवा का नाही सांगितलंस? आणि परवा नाही तर नाही, मग शनिवारी सांगायचंस! आजच कशाला?" तिचा आवाज चिरकला. "उद्या आई-बाबा येतायत. बाबांनी कोट शिवलाय."

ताई तिच्याशेजारी फरशीवर टेकली.

"सरांना माहीत आहे?"

हा प्रश्न येणार हे ताईला ठाऊक होतं. फेब्रुवारी, लाल रेघ, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं जिभेच्या टोकावर आलं. त्याबरोबर ते पत्रही आलं, एक तारखेचं.

"सांगितलंय मी त्यांना. परवाच," ती म्हणाली.

शब्दाला शब्द खरा होता. अर्धंच सांगून खरं बोलल्याचं समाधान मिळवायला तिला वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, ते आज आपोआप जमलं. जमलं म्हणून तिची तिलाच घाण वाटली.

धाकटी उठली. तिनं डोळे पुसले, बाटली काढली आणि पाणी भरायला घेतलं. "दोन ना?"

"दोन."

संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःच्या हातानं सगळं पुन्हा मोजलं. पाच वेळा. ताई आरसा सरकवत राहिली.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले दोन परीक्षक, मागे धाकटीचे आई-बाबा. बाबांचा कोट खरंच नवा होता, खांद्यात जरा मोठा. ताई शेवटून दुसऱ्या रांगेत बसली.

धाकटीनं पहिले दोन भाग नीट सांगितले. मग ती लाल रेघ पडद्यावर आली आणि धाकटी थांबली. पाण्याचा घोट घेतला.

"हा आलेख पाण्याचा नाही," धाकटी म्हणाली. "पाण्यात मिसळलेल्या ॲसिटोनचा आहे. पंपाच्या डब्यात ते राहत होतं आणि मला कळलं नाही. काल संध्याकाळी मी स्वच्छ पाण्यात पुन्हा मोजलं. तो आलेख हा. निसटवाट नाही. माझ्या प्रबंधाचा तिसरा भाग चुकलेला आहे. पहिले दोन बरोबर आहेत. त्यांवर मला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा."

ताईला रडू फुटेल असं वाटलं. एवढीशी पोर, चावऱ्या बुटांत सरळ उभी. सभागृहात कुजबूज उसळली. परीक्षक एकमेकांकडे वाकले. आता सरांचं काय होतं, म्हणून ताईनं पहिल्या रांगेकडे बघितलं. त्यांची मान मागून दिसत होती. ती मान क्षणभर ताठ झाली, आणि मग सर उठले. वळले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं.

"मला दोन शब्द बोलू द्या," ते म्हणाले. "आज गुरू म्हणून माझी छाती भरून आलीय. मीच तिला म्हटलं होतं, पोरी, स्वतःच्या सगळ्यात लाडक्या निकालावर सगळ्यात आधी संशय घे. आमच्याकडे ही शिस्त आहे. पंप चालवण्याची जुनी रीत आमच्या ताईंनी घालून दिली होती, त्यात अगदी बारीक त्रुटी राहून गेली. माणूस म्हटल्यावर राहते." त्यांनी मागच्या रांगांकडे प्रेमानं हात केला. सगळ्या माना वळल्या. "पण ताई मोठ्या मनाच्या. चूक लक्षात येताच त्या स्वतः माझ्याकडे आल्या, आणि दुसऱ्या मिनिटाला मी सांगितलं, सगळं पुन्हा मोजा, लपवायचं काही नाही. लेख आम्ही मागे घेतोय. विज्ञान असंच पुढे जातं."

दुसऱ्या मिनिटाला! हा माणूस चोरी पकडली गेल्यावर चोरी पकडणाऱ्याचा सत्कारही स्वतःच घेऊन मोकळा झाला होता. ताईला वाटलं, इथेच, या लाल गालिच्यावर ओकावं. धाकटीच्या बाबांनी डोळे टिपले. धाकटी सरांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती. तिला काय माहीत! अकरा फेब्रुवारी या सभागृहात फक्त दोघांना माहीत होता.

मोठे परीक्षक उठले. "आमच्या दोघांच्या मते या मुलीनं आज जे केलं, ते तिसऱ्या भागापेक्षा मोलाचं आहे. पहिल्या दोन भागांवर पदवी द्यायला आमची हरकत नाही. तरी नियमाप्रमाणे विचारतो. सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?"

विचारायचं होतं. एकच प्रश्न होता, आणि तोही लहानसा. सर, तुमच्या खालच्या खणातल्या झेरॉक्सवर तारीख कुठली आहे? बस, इतकंच. शब्द तयार होते, आवाजही होता. ताईचा उजवा हात मांडीवरून उठला. छातीपर्यंत आला.

सरांनी मान वळवून थेट तिच्याकडे बघितलं. घाबरून वगैरे नाही. आपल्या माणसाकडे बघावं तसं, आपुलकीनं. आणि हलकेच मान डोलावली.

तेवढ्यात पुढे कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग रांगच्या रांग वाजवू लागली, माणसं उठून उभी राहिली, धाकटीचे बाबा कोटाच्या बाह्या सावरत वाजवू लागले. ताईचा हात अजून हवेतच होता. वर न्यायचा तर आता ओरडावं लागलं असतं. खाली घ्यायचा तर लोकांना दिसला असता. डावा हात त्याला येऊन कधी मिळाला, ते तिला कळलं नाही. आवाज ऐकू आला तेव्हा कळलं, की आपण टाळ्या वाजवतोय.

जोरजोरात वाजवत होती ती. थांबवायच्या कशा ते कळत नव्हतं. लोक बसले, सर बसले, धाकटी कागद गोळा करू लागली, आणि त्या भरल्या सभागृहात सगळ्यांत शेवटी थांबली ती तिचीच टाळी.